सपोर्टच्या टेबलावरच्या ताई

माझी पहिली नोकरी नागपुरात, प्रतापनगरच्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. खाली चष्म्याचं दुकान आणि वर आम्ही चौदा माणसं. कंपनी पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायची. रक्त तपासायला आलेल्या माणसाची नोंद करायची, तपासणीचे आकडे भरायचे, रिपोर्ट छापायचा, डॉक्टरला पाठवायचा, असं सगळं त्यात होतं. विदर्भातल्या बऱ्याच लहान-मोठ्या लॅब ते वापरायच्या.

मी कुहीकडच्या एका गावची. घरी धानाची शेती, ती वडील आणि मोठा भाऊ करतात. इंजिनिअरिंगची चार वर्षं नागपुरात वसतिगृहात राहून काढली. पदवी हातात पडली तेव्हा मला वाटत होतं, आपल्याला प्रोग्रॅमिंग येतं. पहिल्या आठवड्यातच कळलं, की मला फक्त परीक्षा देता येतात. कॉलेजात प्रश्न दिलेला असायचा आणि उत्तर कुठल्या धड्यात आहे ते ठाऊक असायचं. इथं पंधरा वर्षांचा जुना प्रोग्रॅम समोर होता, हजारो ओळींचा, आणि त्यात प्रश्न नेमका कुठं आहे हेच शोधायचं होतं.

मला एका सीनिअरच्या हाताखाली दिलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या अंगावर तिघांचं काम होतं. कानात कायम हेडफोन. मी खुर्चीमागे जाऊन उभी राहिले की तो एक कान मोकळा करायचा, आणि त्या एका कानाला पुरेल एवढंच मी विचारायचे. तो म्हणायचा, "गूगल केलं का?" केलेलं असायचंच. पण शोधायचं काय, तेच मला कळत नव्हतं, आणि ते सांगायची लाज वाटायची.

त्यात बोलण्याची अडचण. कॉलेजात पहिल्या वर्षी वर्गात "मले समजलं नाही" म्हटल्यावर मागच्या बाकांवरून हसू आलं होतं. तेव्हापासून कुठलंही वाक्य मी आधी मनात धुऊन घ्यायचे आणि मग बोलायचे. ऑफिसात त्यात इंग्रजी शब्दांची भर पडली. माझा प्रश्न धुऊन वाळेपर्यंत सीनिअर दुसऱ्या कामाला लागलेला असायचा.

तिसऱ्या महिन्यात माझ्याकडे एक साधं काम आलं. रिपोर्ट दोन पानांचा झाला की कधीकधी दुसऱ्या पानावर पेशंटचं नाव छापून येत नव्हतं. दोन कागद वेगळे झाले तर दुसरा कुणाचा, हे कळायला मार्ग नाही. हे का होतं ते शोधायचं होतं. मी नऊ दिवस त्यावर बसले. रोज सकाळी कंपनीचे मालक, आमचे सर, विचारायचे आणि रोज मी म्हणायचे, "चालू आहे, जवळजवळ झालंच." प्रत्यक्षात मी सकाळी जी फाइल उघडायचे तीच संध्याकाळी बंद करायचे.

त्या फाइलमध्ये मात्र एक गंमत होती. प्रोग्रॅम लिहिणारे मधूनमधून इतरांसाठी टिपा लिहून ठेवतात. संगणक त्या वाचत नाही, पुढचा माणूस वाचतो. आमच्या जुन्या फाइलींमधल्या टिपा मराठीत होत्या, फक्त अक्षरं इंग्रजी. एका ठिकाणी लिहिलं होतं, "हे उलटं दिसते, पण मुद्दाम केलं आहे. हात लावण्याआधी लॅबला फोन करून विचारा." आणखी खाली, "या ओळीनं माझे दोन दिवस खाल्ले. तुमचे खाऊ नये म्हणून लिहून ठेवते."

'ठेवते' या शब्दावर मी थांबले. आमच्याकडं बोलताना बायकाही 'ठेवतो' म्हणतात, पण लिहिताना 'ठेवते' येतं ते बाईच्याच हातून. ऑफिसात आम्ही तीनच बायका. एक मी, एक हिशेब बघणारी नुकतीच लागलेली मुलगी, आणि तिसऱ्या सपोर्टच्या टेबलावर फोन घेणाऱ्या ताई.

ताई पन्नाशीला टेकलेल्या होत्या. कोराडीहून बसनं यायच्या. दिवसभर लॅबवाल्यांचे फोन घेऊन, "हां दादा, प्रिंटरची वायर पाहून घ्या बरं, निघाली असन" असं शांतपणे सांगत बसायच्या. मीही इतरांसारखंच धरून चालले होते, की त्या फक्त फोन घेतात.

जेवणाच्या सुट्टीनंतर मी लॅपटॉप घेऊनच त्यांच्या टेबलाशी गेले आणि ती टीप दाखवली. "ताई, हे तुम्ही लिहिलं आहे का?"

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "अगं माय! हो, हे माहंच आहे. अजून चालू आहे का हे?" मग माझ्याकडे पाहिलं. "काहून? काय झालं?"

"काही नाही. दुसऱ्या पानावर नाव येत नाही. जवळजवळ झालंच आहे."

"किती दिवसांपासून जवळजवळ झालं आहे?"

मी म्हटलं, "नऊ." आणि मला एकदम रडूच यायला लागलं. भर दुपारी, ऑफिसच्या मधोमध.

ताईंनी समोरची खुर्ची पायानं माझ्याकडे सरकवली. "बस. रडायचं असन तं रड, पण मले दोनच गोष्टी सांग. तुले काय वाटलं होतं, काय छापून येईन? अन् छापून काय आलं? बाकीचं सगळं राहू दे."

मी सांगायला लागले. पहिल्या पानावर अमुक येतं, मग पान भरतं, मग दुसरं सुरू होतं. मध्येच एक फोन आला, तो त्यांनी घेतला, बोलल्या, ठेवला. "हं, मंग?" मी पुढं सांगितलं. त्यांनी कीबोर्डला हात लावला नाही, मांडीवर हात ठेवून ऐकत राहिल्या. मी एखादी गोष्ट गृहीत धरून पुढं गेले की म्हणायच्या, "हे तू पाहिलं का तुले असं वाटून राहिलं?" दोनदा मला कबूल करावं लागलं, की वाटून राहिलं. तिसऱ्यांदा मी तिथंच तपासलं, आणि चूक दिसली. तपासणीचं नाव लांब असलं की ते दोन ओळी घ्यायचं, प्रोग्रॅम मात्र एकच ओळ मोजायचा, आणि पान त्याच्या हिशेबाच्या आधीच भरून जायचं. नवं पान सुरू झालं हे त्याला कळायचंच नाही, म्हणून वर नाव छापायचं राहायचं. वीस मिनिटंही लागली नव्हती.

जागेवर परत आल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या वीस मिनिटांत मी कितीतरी वेळा 'मले' म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ताईंनीच मला बोलावलं. "रोज सकाळी पंधरा मिनिटं माझ्याजवळ बसत जा. फक्त येताना, तुले जे समजलं नाही असं एक काहीतरी घेऊन येजो. जे समजलं ते मले नको सांगू."

असं सुरू झालं. सुरुवातीला न समजलेलं एक शोधणंही अवघड गेलं, कारण इतकी वर्षं मी ते लपवायलाच शिकले होते. हळूहळू माझी वही भरायला लागली. ताईंना सगळं येत होतं असं नाही. कित्येकदा त्या म्हणायच्या, "हे मलेही माहीत नाही. चल पाहू." ते ऐकलं की मला फार बरं वाटायचं. माहीत नसणं इतक्या सहज आवाजात कबूल करता येतं, हे मी आधी कुणाकडून ऐकलंच नव्हतं.

त्यांची गोष्ट मला तुकड्या-तुकड्यांनी कळली. वडील कोराडीच्या वीजकेंद्रात कामाला, लहानपण तिथल्या कॉलनीत. दोरीवर वाळत घातलेले कपडे झटकून घ्यायचे, राख बसलेली असायची. घर छप्पन साली दीक्षा घेतलेल्यांचं. मुलीनं शिकावं की नाही यावर त्या घरात कधी चर्चाच झाली नाही, शिकायचंच होतं. बीएस्सी केलं, टायपिंगच्या क्लासमध्ये नवा संगणक आला होता त्यावर हात बसवला, आणि या कंपनीत आकडे भरायच्या कामाला लागल्या. वर्षभरात तिथला एकुलता एक प्रोग्रॅमर सोडून गेला. त्याच्या कपाटात एक जाडजूड पुस्तक होतं. ताई ते घरी घेऊन गेल्या आणि पुढची पाच वर्षं आमचा प्रोग्रॅम बऱ्याच अंशी त्यांनीच लिहिला. नंतर कंपनी वाढली, इंजिनिअर मुलं आली, ताईंकडे ती पदवी नव्हती, म्हणून त्या सपोर्टच्या टेबलावर गेल्या.

मी एकदा विचारलं, "तुम्हाले राग नाही आला?"

"आला ना. दोन-तीन वर्षं होता चांगला." त्या डबा बंद करत होत्या. "मंग फोन घेता घेता समजलं, की आपण लिहिलेल्याचं लोक खरंच काय करतात, हे मले या ऑफिसात सगळ्यात जास्त माहीत आहे. पण मले कोणी शिकवलं नाही वं. एकेका गोष्टीसाठी महिना-महिना घालवला. तुहा महिना कायले जावा?"

एके दिवशी त्यांनी सरांना सांगून मला एका लॅबमध्ये नेलं आणि कोपऱ्यात स्टुलावर बसवलं. "इथं बस, अन् नुसती पाहा. काही बोलू नको." मी चार तास पाहिलं. काउंटरवरची मुलगी एका हातानं नाव भरायची, कारण दुसऱ्या हातात फोन असायचा. आत रक्त तपासणाऱ्याच्या हातात मोजे, त्यामुळे तो माउसला हात लावायचा नाही, करंगळीनं कीबोर्डचं एक बटण दाबायचा. त्या बटणाची सोय आम्ही ऑफिसात जुनाट म्हणून काढून टाकायचं ठरवलं होतं. परत येताना ऑफिसच्या स्कूटरवर मागे बसून मी ते ताईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गर्दीतून वाट काढत राहिल्या. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत ते बटण का काढायचं नाही, हे मी उभं राहून सांगितलं. बैठकीत बोलायची माझी ती पहिलीच वेळ.

आता त्या चुकीबद्दल सांगते.

नोकरीला दहा-अकरा महिने झाले होते. लहान बाळांच्या रिपोर्टवर वय 'शून्य वर्षे' असं छापलं जायचं, ते नीट करायचं काम मी घेतलं. आठ महिन्यांच्या बाळाच्या रिपोर्टवर 'आठ महिने' यायला हवं. मी बदल केला, छापून पाहिलं, बरोबर आलं. मंगळवारी तो बदल सगळ्या लॅबमध्ये गेला. मी खूश होते.

गुरुवारी दुपारी एका लॅबच्या डॉक्टर मॅडमचा फोन ताईंनी घेतला. माझं टेबल जवळच होतं. ताई म्हणत होत्या, "फक्त लहान लेकरांचेच? मोठ्यांचे बरोबर आहेत?" मी माझा बदल उघडला आणि मला लगेच दिसलं.

रक्तातल्या बऱ्याच गोष्टींच्या 'नॉर्मल'च्या मर्यादा वयाप्रमाणे बदलतात. रिपोर्टवर वय छापताना मी 'आठ' आणि 'महिने' असं दोन्ही नेलं होतं. पण मर्यादा निवडताना नुसता आकडाच पुढं जात होता. म्हणजे आठ महिन्यांच्या बाळाची तुलना आठ वर्षांच्या मुलाशी होत होती, आणि चार दिवसांच्या बाळाची चार वर्षांच्या मुलाशी.

खरं सांगायचं तर पहिली दहा मिनिटं मी काहीच केलं नाही. त्या आठवड्यात त्या फाइलला आम्ही तिघांनी हात लावला होता. मी गप्प राहिले असते तर कुणी लगेच माझ्यापर्यंत आलं नसतं. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. परत आले आणि ताईंना म्हटलं, "ताई, ते माझ्यामुळे झालं आहे."

मी रागवून घ्यायची तयारी केली होती. त्या म्हणाल्या, "बरं. आधी जुना प्रोग्रॅम सगळीकडं परत टाक. रडणं-बिडणं मंगच्याले. तोवर मी सरांले सांगतो, अन् मंग आपण लॅबमध्ये जाऊ."

अर्ध्या तासात आम्ही लॅबमध्ये होतो. मंगळवारपासूनचे एक वर्षाखालच्या बाळांचे सगळे रिपोर्ट मी काढले. इतर लॅबना ताई तिथूनच एकेक फोन करत होत्या. बहुतेक ठिकाणी प्रकार असा होता, की ठणठणीत बाळाच्या आकड्यापुढं उगाच 'कमी' अशी खूण आली होती. आईवडील घाबरले असतील, पण नवा रिपोर्ट दिला की विषय संपत होता. एकच रिपोर्ट उलटा निघाला. चार दिवसांची मुलगी. तिचं हिमोग्लोबिन चार वर्षांच्या मुलाला चाललं असतं, म्हणून रिपोर्टवर काहीच खूण नव्हती. चार दिवसांच्या बाळाला मात्र ते कमी होतं.

मॅडमनी तो कागद दोनदा पाहिला. "हे बाळ आजच दाखवायला हवं," त्या म्हणाल्या. दिलेल्या नंबरवर फोन लावला, तो बंद. पुन्हा लावला, बंद. पत्ता कुहीच्या पुढच्या एका खेड्याचा होता.

मी म्हटलं, "हे आमच्या गावापासून दोन गावं पुढं आहे."

ताई म्हणाल्या, "कोण आहे तिकडं तुहं?"

"बाबा."

मी फोन हातात घेतला, पण लावायला हात उचलेना. आमच्या घरात इंजिनिअर झालेली मी पहिलीच. गावात बाबा कुणाकुणाला सांगत फिरायचे, की माझी पोरगी दवाखान्याचे कॉम्प्युटर बनवते. ताईंना ते कळलं असावं. त्या हळूच म्हणाल्या, "खरं ते सांग. लवकर सांग."

बाबा बांधीवर, धानाच्या शेतात होते. मागून पाण्याच्या इंजिनाचा आवाज येत होता. "काय झालं वं माय? दुपारचा फोन केला?"

मी सगळं सांगितलं. मध्ये न थांबता, आमच्याच बोलीत.

इंजिनाचा आवाज बंद झाला. मग ते म्हणाले, "म्हणजे त्या लेकराचा कागद तुह्या हातून चुकला."

"हो बाबा."

"लेकरू कसं आहे?"

"तेच माहीत नाही ना. त्यांचा फोन लागत नाही."

"मी निघतो. पण तिथं जाऊन बोलू काय ते नीट सांग. भलतंच काही बोलून मी त्यांले घाबरवून टाकीन."

मॅडमनी माझ्या हातून फोन घेतला आणि बाबांना दोन वाक्यं सांगितली. घाबरू नका, पण बाळाला आज नागपुरात आणा, दवाखान्यात दाखवायची व्यवस्था मी स्वतः करते. बाबांनी ती त्यांना परत म्हणून दाखवली, दोनदा. शाळेतल्या मुलासारखी.

पुढचा सव्वा तास मी लॅबच्या बाकड्यावर बसून काढला. ताई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी "काही होणार नाही" असं एकदाही म्हटलं नाही. उरलेल्या लॅबची यादी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या, "हे फोन आता तू कर." मी केले. प्रत्येकाला सांगितलं, की आमच्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली, ती मी केली, हे रिपोर्ट बदलून घ्या. दोघं भडकले, त्यांचं ऐकून घेतलं. एकानं उलट माझेच आभार मानले.

बाबांचा फोन आला तेव्हा त्यांना धाप लागली होती. बाळाच्या बापाचा फोन पाण्यात पडून बिघडला होता, एवढंच. बाळ दूध कमी पिऊन राहिलं, असं तिची आजी सकाळपासून म्हणत होती. बाबांनी गावातल्या ओळखीच्या माणसाची गाडी काढली, बाळाला आणि तिच्या आईला बसवलं, स्वतः पुढं बसले. दिवस मावळायच्या आत ती मुलगी नागपुरात दवाखान्यात पोचली. मी दाराशी उभी होते. दुपट्यातून तिचा एक हात बाहेर आला होता, पेन्सिलच्या टोकाएवढी नखं. तिची आई मला म्हणाली, "तुमच्या बाबांनी फार धीर दिला." बाळाला आठवडाभर ठेवून घेतलं आणि बरं करून घरी सोडलं. वेळेवर आणलं, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बैठक झाली. मालकांनी विचारलं, "हा बदल कोणी केला होता?"

मी उभी राहिले. "सर, मी."

ते काही म्हणायच्या आत ताई बोलल्या. त्या बैठकीत सहसा बोलायच्या नाहीत. "सर, तिनं केलं, तिनंच शोधलं, अन् तिनंच येऊन सांगितलं. पण एका पोट्टीनं लिहिलेलं दुसऱ्या कोणीच न पाहता सगळ्या लॅबमध्ये कसं गेलं, हे आपण सगळ्यांले विचारा लागते. मलेही विचारा. मी बाजूलेच बसतो."

मग ज्याच्या कानात कायम हेडफोन असायचा तो माझा सीनिअर म्हणाला, "मी पाहायला पाहिजे होतं. उद्यापासून पाहत जाईन." आणि तो खरंच पाहायला लागला. आठवडाभरात नियमच झाला, की कुणाचंही काम दुसऱ्यानं वाचल्याशिवाय बाहेर जाणार नाही. मी ताईंबरोबर बसून वेगवेगळ्या वयांच्या खोट्या पेशंटची एक लांबलचक यादी केली: एक दिवसाचं बाळ, अकरा महिन्यांचं, बरोबर एक वर्षाचं, नव्वदीची आजी. कुठलाही बदल झाला की आधी त्या सगळ्यांचे रिपोर्ट आपोआप तपासले जायचे.

त्यानंतर काही दिवसांनी ताई सकाळी माझ्या टेबलाशी आल्या. त्यांच्या हातात वही होती. "आता मले एक समजलं नाही ते विचारतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही पोट्टे ते काय वापरता, कोणी केव्हा काय बदललं ते दाखवते ते? मले शिकव."

मला वाटलं, सोपं आहे. शिकवायला बसले आणि त्यांच्या दुसऱ्याच "काहून?"ला अडकले. जी गोष्ट मी रोज डोळे झाकून वापरत होते तिचं कारण मला ठाऊक नव्हतं. मग आम्ही दोघींनी मिळून वाचलं. वर्षभरात ताई पुन्हा प्रोग्रॅम लिहायला लागल्या, आधी लहान दुरुस्त्या, मग मोठ्या. फोन वाजला की अजूनही त्याच घ्यायच्या.

तीन वर्षांनी मालकांनी ते सॉफ्टवेअर एका मोठ्या कंपनीला विकायचं ठरवलं. आमच्यापैकी बऱ्याच जणांना दुसरीकडं नोकरी शोधायची होती. मला लवकर मिळाली. ताई मात्र शोधतच नव्हत्या.

"बावन्न वर्षांच्या बाईले कोण घेईन वं? अन् मुलाखत मी शेवटची दिली तवा तू शाळेतही नव्हती."

मग मी दर रविवारी सकाळी कोराडीला जायला लागले. ताईंच्या बैठकीच्या खोलीत मी टेबलाच्या एका बाजूला बसायचे, त्या दुसऱ्या, आणि मी मुलाखत घेणारी व्हायचे. पहिल्या रविवारी मी म्हटलं, "स्वतःबद्दल सांगा," तर त्या म्हणाल्या, "मी सपोर्टमध्ये आहे," आणि थांबल्या. मी म्हटलं, "ताई, इतकी वर्षं चालणारा प्रोग्रॅम कुणी लिहिला?" त्या संकोचानं हसल्या. ते एक वाक्य न हसता म्हणायला त्यांना चार रविवार लागले. त्यांच्या आई आतून कोथिंबिरीची सांबारवडी आणून ठेवायच्या आणि दारात उभ्या राहून ऐकायच्या. एकदा त्याच म्हणाल्या, "अवं, सांग ना जोरात!"

पहिल्या ठिकाणी नकार आला. फोनवर एक मुलगा म्हणाला, प्रोफाइल जुळत नाही. दुसरी कंपनी विमानतळाजवळच्या मिहान वसाहतीतली होती, दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी. मुलाखत घेणाऱ्यानं त्यांना एक बिघडलेला प्रोग्रॅम देऊन चूक शोधायला सांगितली. ताईंनी आधी विचारलं, हे वापरतं कोण, आणि वापरताना त्याच्या हातात काय असतं? तो माणूस गोंधळला, मग स्वतःच पाऊण तास बोलत बसला. आठवड्यानं पत्र आलं.

रुजू झाल्याच्या दिवशी दुपारी त्यांचा मला फोन. आवाज दबका, बहुतेक जिन्यात उभ्या होत्या.

"ऐक ना वं. इथं एक फॉर्म देला आहे. नाव-गाव सगळं भरलं. खाली लिहिलं आहे, छंद. काय लिहू?"

"तुम्हाले काय आवडते ते लिहा."

"बॅडमिंटन लिहू का? कॉलनीच्या क्लबात खेळायची मी. नवव्या वर्गात जिल्ह्यापर्यंत गेली होती."

मी चारेक वर्षं त्या बाईंना रोज काहीतरी विचारत आले होते, आणि हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. मी तसं म्हटलं, तर त्या हसायला लागल्या.

"लिहूनच टाकतो," त्या म्हणाल्या. "पण खोटं नको व्हायले. रविवारी येशीन का? क्लब अजून आहे. रॅकेट आहे तुह्याजवळ?"

"नाही."

"मंग घेऊन ये. दोन आणजो."